आवाज लेकराचा, फोन भामट्याचा

उदगीरजवळ राहणाऱ्या आमच्या आत्याचे 80 हजार रुपये गेले. सोयाबीनचे पैसे, मोंढ्यावरून नुकतेच खात्यात आलेले.

मुलगा पुण्यात नोकरीला. भरदुपारी अनोळखी नंबरवरून त्याचा रडका आवाज आला : "मम्मी, माझ्या गाडीनं एकाला उडवलं, पोलिसांनी धरलंय. पप्पांना सांगू नको." आवाज माझ्या लेकराचाच होता, असं आत्या आजही छातीवर हात ठेवून सांगते, आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2023 मध्ये मांडलेल्या एआयला आवाजाची नक्कल करायला 3 सेकंदांचा नमुना पुरत होता. पोरांच्या रील्समध्ये त्याहून कितीतरी जास्त बोलणं असतं.

पण नक्कल केलेला आवाज दोन वाक्यंच बोलला. पुढचं सगळं काम 'साहेबां'नी केलं, हिंदीतून. समोरचा माणूस गंभीर आहे, आत्ताच मिटवा, फोन ठेवला तर केस करतो. तिला श्वास घ्यायलाही उसंत दिली नाही. आधी 30, मग 50 हजार तिच्याच हातानं पाठवून घेतले. त्या वेळी पोरगा ऑफिसात होता, फोन चालू होता.

नंतर तिला शंका आली, पण भावकीत तोंड कसं दाखवायचं म्हणून ती रात्रभर गप्प राहिली. खरं नुकसान तिथं झालं. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसा ज्या खात्यात असेल तिथं बँक तो अडवते, आणि हे चोर तो भराभर पुढच्या खात्यांत सरकवतात. सकाळी तक्रार केली तेव्हा थोडीच रक्कम हाती लागण्यासारखी उरली होती. तिला हसणाऱ्या नातेवाइकांचा मला फार राग आला. अशा हसण्यामुळंच माणसं लपवतात.

असा फोन आला तर आधी तो कापा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. पोलीस मोबाईलवर पैसे घेऊन केस मिटवत नाहीत. आम्ही घरात खुणेचा एक प्रश्नही ठरवलाय. गाव, वाढदिवस असलं काही नको, ते फेसबुकवर सापडतं. प्रश्न विचारला म्हणून पोरांनी चिडायचं नाही, हेही बजावलंय.

पैसे वाचले तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सुविधेत कळवा. तोच माणूस लगेच दुसऱ्या कुणाच्या आईला फोन लावत असतो.