‘लाइव्ह अ‍ॅट द लिक्विड रूम, टोकियो’: सात महिने ऐकल्यानंतर

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे डीजे जेफ मिल्स यांचा ‘लाइव्ह अ‍ॅट द लिक्विड रूम, टोकियो’ हा टेक्नोचा, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर चालणाऱ्या नृत्यसंगीताचा, मिक्स अल्बम (अनेक तबकड्या एकमेकींत मिसळून सलग वाजवलेला) मी गेले सात महिने ऐकत आहे. घरी जुन्या सीडी प्लेअरवर आणि कंपनीच्या बसमध्ये फोनवर, असा आठवड्यातून निदान दोनदा तरी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला जातो. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर हा अभिप्राय नापसंतीचा झाला असता. आवाज कोरडा वाटला होता, झांजांची कुरकुर कानाला टोचली होती, आणि एखादी रचना आवडू लागते न लागते तोच ती निघून जात होती. आज मात्र माझ्याकडच्या सर्व मिक्स अल्बमांपैकी एकच ठेवायला सांगितला, तर मी हाच ठेवीन.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी टोकियोतील शिंजुकू भागातल्या लिक्विड रूम या क्लबमध्ये मिल्स यांनी जे वाजवले, त्यावर हा अल्बम आधारलेला आहे. १९९६ साली तो ब्रिटनमध्ये रिअ‍ॅक्ट या कंपनीने, आणि जपानमध्ये सोनीने ‘मिक्स-अप’ मालिकेतला दुसरा भाग म्हणून प्रसिद्ध केला. (हा क्लब पुढे २००४ साली शिंजुकू सोडून एबिसू भागात गेला.) सत्तरएक मिनिटांत ३५ हून अधिक तबकड्या वाजतात, म्हणजे एका तबकडीच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटेसुद्धा येत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मिल्स यांच्या स्वतःच्या आहेत आणि बाकीच्या डेट्रॉइट, शिकागो, बर्मिंगहॅम, टोकियो अशा ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या आहेत. लय मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास असते आणि शेवटपर्यंत उतरत नाही.

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की मिरवणुकीतली ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांसमोर येते. या शब्दामागे एक हस्तकौशल्य आहे, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. दोन फिरत्या तबकड्यांची लय एकमेकींशी जुळवायची, त्यासाठी एकीचा वेग किंचित कमी-जास्त करायचा, दोघींचे खर्जातले ठोके एकाच वेळी वाजले तर आवाज गढूळ होतो म्हणून एकीचा खर्ज दाबून ठेवायचा आणि नेमक्या मात्रेवर अदलाबदल करायची, असे हे काम आहे. मिल्स हे काम तीन तबकड्यांवर करतात. दोन वाजत असताना तिसरी कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तयार होत असते. हे सगळे चालले असताना समोर हजारो पाय हलत असतात आणि ते थांबू द्यायचे नसतात.

या घाईचे मूळ टेक्नोच्याही आधीचे आहे. १९८० च्या दशकात मिल्स डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द विझार्ड’ या नावाने तबकड्या वाजवत. तेव्हा त्यांच्या हाती हिप-हॉप आणि इलेक्ट्रो असे, म्हणजे आफ्रिका बम्बाटा यांच्या १९८२ मधल्या ‘प्लॅनेट रॉक’च्या किंवा डेट्रॉइटच्याच सायबोट्रॉन या गटाच्या १९८३ मधल्या ‘क्लिअर’च्या जातीचे संगीत. इलेक्ट्रोचा ठोका तुटक असतो. तो टेक्नोसारखा प्रत्येक मात्रेवर पडत नाही, मध्ये मोकळ्या जागा सोडतो आणि अनपेक्षित ठिकाणी परत येतो. त्या काळच्या रेडिओवर अशा तबकड्यांचे तुकडे झपाट्याने एकमेकांना जोडण्याची चढाओढ चाले. तोच हात पुढे टेक्नोवर बसला. त्यामुळे या अल्बममध्ये संगीत टेक्नोचे असले, तरी कापाकापीची सवय इलेक्ट्रोच्या दिवसांतली आहे, असे मला तो ऐकताना सतत जाणवत राहते. ज्यांना दोन्ही जाती शेजारी-शेजारी ठेवून ऐकायच्या असतील, त्यांनी डीजे डेव्ह क्लार्क यांचा २००१ मधला ‘वर्ल्ड सर्व्हिस’ घ्यावा. त्यात एक सीडी इलेक्ट्रोची आणि दुसरी टेक्नोची आहे. तो अधिक नीटनेटका आणि नवशिक्याला अधिक सोयीचा आहे.

माझे कान उघडायला साधारण दोन महिने लागले. लहानपणी मी सहा वर्षे तबला शिकलो होतो, त्याचा उपयोग इथे झाला. तबल्याच्या एकल वादनात लेहरा, म्हणजे साथीची सुरावट, आपला तोच तो फिरत राहतो, आणि ऐकणाऱ्याला तो सवयीचा झाला की मगच कायद्याचे, म्हणजे मूळ बोलरचनेचे, पलटे दिसू लागतात. इथेही खालचा ठोका हा लेहरा समजावा, त्याच्याकडून काही मागू नये आणि लक्ष वर ठेवावे, हे मला जेव्हा उमगले तेव्हा पहिल्यांदा सांधे ऐकू आले. एक झांज आत येते, चार आवर्तने थांबते, मग तिच्यामागून तिची मूळ तबकडी येते आणि आधीची तबकडी केव्हा गेली हे कळतही नाही. कधी याच्या अगदी उलट घडते. मिल्स हात झटकल्यासारखी एक तबकडी तोडतात आणि दुसरी पूर्ण आवाजात आदळते.

एका रविवारी दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि नवी तबकडी ज्या क्षणी मला ऐकू येई तो क्षण टिपू लागलो. सीडी प्लेअरवरचा क्रमांक बदलण्याची वेळ आणि माझ्या कानाला नवे काही कळण्याची वेळ यांत वारंवार फरक पडत होता. कधी क्रमांक बदलून अर्धे मिनिट होऊन गेले तरी जुनीच तबकडी वर होती. कधी नवी तबकडी क्रमांक बदलण्याच्या बरीच आधी खालून डोकावत होती. क्रमांकांवर विसंबणे मी त्या दिवसापासून सोडले.

डेट्रॉइटचेच टेक्नो संगीतकार डेरिक मे यांची १९८७ मधली ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ ही रचना या अल्बममध्ये येते, तो भाग मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. त्या रचनेत पियानोचे स्वरपुंज आणि तंतुवाद्यांसारखे तुटक फटकारे आहेत, पण बासची सुरावट मुळी नाहीच. आजूबाजूच्या सगळ्या तबकड्या यंत्रासारख्या रुक्ष असताना हा पियानो आला की भिंतीत खिडकी उघडल्यासारखे वाटते, आणि त्या क्षणी लिक्विड रूममधल्या लोकांचा जो कल्लोळ उठतो तो अल्बममध्ये तसाच ठेवला आहे. स्टुडिओत केलेल्या मिक्समध्ये हे कुठून येणार? ‘द बेल्स’ ही मिल्स यांची स्वतःची, पुढे जगभर गाजलेली रचनाही इथे आहे. घंटेसारख्या चार-दोन स्वरांची एक आकृती न थांबता फिरते, एवढेच तिच्यात आहे. पण दोन ओबडधोबड तबकड्यांच्या मध्ये ती आली की जे होते ते सुटी ऐकून कळत नाही. बर्मिंगहॅमचे डीजे सर्जन यांची ‘मॅग्नीझ’ ही रचना मला आधी अजिबात आवडली नव्हती. आता मी तिची वाट पाहतो.

ध्वनीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हा गुळगुळीत अल्बम नाही. तबकडीच्या सुईची खरखर, सभागृहाचा घुमारा आणि टीआर-९०९ या रोलँडच्या तालयंत्रातल्या झांजांचा धारदार आवाज हे सगळे एकत्र येते. त्या यंत्रात ठोका सर्किटातून तयार होतो, पण झांजा म्हणजे खऱ्या झांजांचे ध्वनिमुद्रित नमुने आहेत, तेही १९८३ च्या तंत्राच्या मर्यादेतले. म्हणून त्यांना तो खडबडीत, पत्र्यासारखा पोत आला आहे. स्वस्त इअरफोनवर हा पोत असह्य होतो. माझ्या जुन्या इअरफोनवर मी वीस मिनिटांपुढे जाऊ शकत नव्हतो. कान पूर्ण झाकणारे साधे, तारेचे हेडफोन घेतल्यावर तोच आवाज ताशाच्या तर्रीसारखा वाटू लागला. तीक्ष्ण होताच, पण आता त्यातला दाणा वेगळा कळत होता. घरच्या स्पीकरवर तो सर्वांत चांगला लागतो, मात्र आवाज शेजाऱ्यांना चालेल एवढाच ठेवला तर खर्ज हरवतो आणि मजा निम्म्याने कमी होते.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना अगदी महत्त्वाची आहे. हा अल्बम सलग वाजवलेला असून सीडीवर त्याचे फक्त तुकडे पाडलेले आहेत. तो एमपीथ्रीमध्ये बदलला तर प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर क्षणभराची शांतता शिरते, कारण ते स्वरूप ध्वनीला ठराविक लांबीच्या चौकटींत बसवते आणि उरलेली जागा रिकामी सोडते. बहुतेक गाण्यांत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण १४० च्या लयीत एका ठोक्याच्या वाट्याला अर्धा सेकंदही नसतो, त्यामुळे सेकंदाचा विसावा हिस्सा जरी रिकामा गेला तरी लय लंगडते. असे तीसपेक्षा जास्त वेळा होते. ही रिकामी जागा गाळून वाजवणारे प्लेअर आहेत, परंतु माझ्या फोनमधला त्यांपैकी नव्हता. मी सीडीवरून फ्लॅक या, ध्वनीत काही न गाळणाऱ्या, स्वरूपात नव्याने प्रत काढली, सलग वाजवण्याची सोय असलेला प्लेअर घेतला, आणि तेव्हा कुठे बसमधला अनुभव घरच्यासारखा झाला. क्रम उलटसुलट करून वाजवण्याची सोय बंद ठेवावी हे वेगळे सांगायला नको.

तुलनेसाठी आणखी दोन गोष्टी ऐकल्या. टेक्नोचेच डीजे रिची हॉटिन यांचा १९९९ मधला ‘डेक्स, ईएफएक्स अँड ९०९’ या अल्बमचा जवळचा नातेवाईक आहे, पण त्यातली प्रत्येक हालचाल आधी मोजूनमापून ठेवल्यासारखी वाटते. त्यांच्याच २००१ मधल्या ‘डीई९: क्लोजर टू द एडिट’ मध्ये शंभराहून अधिक रचनांचे बारीक तुकडे संगणकावर करून ते नव्याने विणले आहेत. काम थक्क करणारे आहे. माझे मन मात्र त्यात तितके रमले नाही. मिल्स यांचे हात प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर त्यांच्या २००४ मधल्या ‘एक्झिबिशनिस्ट’ या डीव्हीडीत ते वेगवेगळ्या कोनांतून टिपलेले आहेत. ती पाहून परत लिक्विड रूमकडे आलो, तेव्हा पूर्वी नुसते ऐकू येणारे बदल हातांसकट दिसू लागले.

माझी सीडी जुनी, वापरलेली होती. विकणाऱ्याने ‘नव्यासारखी’ म्हणून पाठवली आणि प्रत्यक्षात तिच्यावर कडेपर्यंत गेलेला एक लांब ओरखडा निघाला. पैसे परत मागितले, त्याला उत्तर आले नाही. वाजत होती म्हणून मी ती ठेवून घेतली, फोनवरची प्रतही तिच्यावरूनच काढली आणि विषय सोडून दिला.

माझा भाचा पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात आठ वर्षे ताशा वाजवतो आहे. चौथ्या महिन्यात तो घरी आला असताना मी त्याला अल्बम पूर्ण ऐकवला. तो गुडघ्यावर बोटांनी तर्री धरून बसला होता आणि दोन ठिकाणी त्याची बोटे थांबली. पहिल्या ठिकाणी तो म्हणाला, “मामा, इथे दोघांची लय फुटली. पण त्याने दोन आवर्तनांत सावरून घेतली, ऐका.” खरोखरच दोन तबकड्यांचे ठोके घोड्यांच्या टापांसारखे पुढेमागे झाले होते आणि मग पुन्हा एक झाले. हा भाग मी पन्नास वेळा ऐकला असेन, पण त्यातली कसरत मला त्याने दाखवली. दुसऱ्या ठिकाणी त्याचा चेहरा बदलला. “हे मात्र समजत नाही. इथे सम सोडून कुणी तोडत नाही,” असे तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला. ते मिल्स यांचे धाडस आहे, रेडिओच्या दिवसांतली ती कापाकापीची खोड आहे, असे मी त्याला बराच वेळ समजावून सांगितले, आणि तो मोठ्यांचा मान ठेवून गप्प बसला.

गेल्या महिन्यात एका परिचिताने परदेशातून येताना माझ्यासाठी दुसरी, स्वच्छ प्रत आणली. पहिली जागा नव्या सीडीवर जशीच्या तशी आहे: ठोके फुटतात, दोन आवर्तने ओढाताण होते, मग सगळे परत जुळते. दुसऱ्या जागी मात्र तुटलेले काहीच नाही. तिथे एक तबकडी दुसरीत इतक्या सावकाश मिसळते की दोघींची सीमा मला अजून सापडलेली नाही. जो तोडलेपणा मी मिल्स यांच्या नावावर मांडला होता, तो माझ्या जुन्या सीडीवरचा ओरखडा होता. मी त्याच संध्याकाळी भाच्याला फोन करून तसे सांगितले. आता दर वेळी ती जागा जवळ आली की मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि ती सीमा शोधत बसतो.