फोटोफ्रेमचं दुकान, जुना जालना: काम चोख, हूक वाकडा

पाचपैकी साडेतीन चांदण्या देतोय. उरलेली दीड कुठं गेली ते सांगतो.

आईला संत ब्लेझचा फोटो पाहिजे होता. गेल्या पावसाळ्यात जायकवाडीच्या रोहूचा काटा तिच्या घशात अडकला. भाताचे गोळे गिळून झाले, केळं झालं, शेवटी डॉक्टरांनी चिमट्यानं काढला. श्रेय मात्र ब्लेझला! हा सेबास्तेचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिवास. 316च्या सुमारास शहीद झाला. आख्यायिका अशी, की त्याला तुरुंगात नेत असताना एक बाई काटा अडकलेलं पोरगं घेऊन आली आणि याच्या प्रार्थनेनं ते वाचलं. म्हणून 3 फेब्रुवारीला फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात. आई एक वर्ष चुकवत नाही.

मोबाइलवरचं चित्र धूसर होतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, नवीन बनवून देतो." दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर नमुना आला. बिशपसाहेबांच्या हातात केस विंचरायची गुलाबी फणी!

हातात फणी असते हे खरं, पण ती लोकरीची. लोखंडी दात्यांच्या फण्यांनी त्याचं अंग फाडलं आणि मग शिरच्छेद केला, असं सांगतात. त्यावरून युरोपातल्या लोकर विंचरणाऱ्यांनी त्यालाच आपला संत मानला. हे सांगितल्यावर गल्ल्यावरचे मालक म्हणाले, "आपल्याकडं लोकर धनुकलीनं पिंजतात, विंचरत कोण बसतंय?" त्यांचंही बरोबरच. मग मीच बिलाच्या पाठीमागं पेनानं काढून दिली: खाली मूठ, वर आडवी पट्टी, तिच्यात खिळ्यांसारखे लांब दाते.

दुसऱ्या खेपेला अगदी तशीच आली, जादा पैसे न घेता. 12 बाय 18 इंच, काचेसकट 1,150 रुपये. कोपऱ्याच्या जोडात नख घालून पाहिलं, शिरलं नाही. काचेखाली धुळीचा कण नाही.

पण हूक मधोमध नाही, बोटभर सरकलाय. भिंतीवर लावलं की उजवी बाजू खाली. फोन केला तर "उद्या पोरगं पाठवतो". असे तीन उद्या झाले. आईनं काही वाट बघितली नाही, उजव्या कोपऱ्याखाली एक चूक ठोकून टेकू दिला.