भारतातल्या रोजच्या जगण्याचं फोटोपुस्तक: आठ महिने वापरून लिहितेय

मुलगा यूकेजीत गेला तेव्हा जूनमध्ये हे घेतलं. भारतभरची माणसं रोज काय करतात, काय खातात, पोरं शाळेला कशी जातात, एवढंच आहे यात, सगळे खरे फोटो आणि खाली इंग्रजीत दोन-दोन ओळी. आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले आणि आमच्याकडं रात्री झोपताना मोबाईलच्या जागी हेच निघतंय, म्हणून सविस्तर लिहितेय. मला पुस्तक मनापासून आवडलंय, पण जिथं चुकलंय तिथं चुकलंय असंच लिहिणार.

सुरुवातीला मी त्याला सणांची पानं दाखवायचे, रंगीत कपडे, नाच वगैरे, तर तो भराभर उलटायचा. थांबला कुठं, तर कच्छच्या छोट्या रणातल्या मिठाच्या पानावर. एक बाई उन्हात लाकडी दाताळं ओढतेय एवढाच फोटो. खाली फक्त मीठ तयार होतंय असं लिहिलंय, मग मीच सांगितलं की हे अगरिया लोक पावसाळा संपला की रणात झोपड्या बांधून राहतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपानं उपसून वाफ्यात सोडतात, पाणी उन्हानं आटतं आणि मीठ मागं राहतं. लगेच यानं ताटलीत मीठ-पाणी कालवून गच्चीवर ठेवलं, पण बेळगावचा जुलै, आटतंय कुठलं, उलट ताटली भरून वाहिली! दिवाळीच्या सुट्टीत परत ठेवलं तेव्हा चार दिवसांनी कडेला पांढरी रेघ धरली आणि मधे बारीक चौकोनी खडे, ते बोटावर घेऊन सगळ्या गल्लीला दाखवून आला.

दुसरं पान माजुलीचं, आसाममध्ये ब्रह्मपुत्रेतलं बेट. तिथल्या मिसिंग नावाच्या आदिवासी जमातीची घरं बांबूच्या खांबांवर उचललेली असतात, पूर आला तरी पाणी खालून जावं म्हणून, फोटोत घराखाली कोंबड्या फिरताहेत आणि वर शिडीवर एक पोरगी बसलीय. माझं माहेर चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठचं. आई आली होती तेव्हा यानं तिला हे पान दाखवलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग २०१९ च्या ऑगस्टचं सांगायला लागली, रात्रीत पाणी कसं चढलं, म्हशी सोडून माळाकडं हाकलल्या, धान्याची पोती जिन्यावर चढवली, परत आल्यावर भिंतीवर छातीएवढी चिखलाची खूण. मी त्या वेळी बेळगावातच होते, फोनवर फक्त "आम्ही बरे आहोत" एवढं ऐकलेलं, बाकीचं सगळं मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं, तेही पोराला सांगताना. तो म्हणाला, "आज्जी, तुझं घर पण खांबावर बांधूया की." आता आई आली की ते पान निघतंच.

तक्रार नंबर एक, भाकरी. एका पानावर एक बाई परातीत भाकरी थापतेय, पीठ, हात, शेजारी चूल, सगळं आमच्याच घरातलं वाटावं असं, आणि खाली लिहिलंय काय तर फ्लॅटब्रेड. कुठली, कशाची, काही नाही. शेजारची मुलगी याच्याच वर्गात आहे, त्यांच्याकडं घरात कन्नड, ती म्हणाली, "जोळद रोट्टी." हा म्हणाला, "नाही, भाकरी." झालं, दोघं हट्टाला पेटली. सासूबाईंनी डब्यातली ज्वारी मुठीत आणून दोघांसमोर ठेवली आणि सांगितलं की बाळांनो, दाणा हाच, तुमच्याकडं ती रोट्टी, आमच्याकडं ती भाकरी. मुलांच्या पुस्तकात जिनसाला तिचं नाव मिळायलाच पाहिजे, नाव गाळलं तर निम्मी माहिती गेली, असं माझं ठाम मत आहे. तेव्हापासून दोघं मिळून बघतात तेव्हा मीठ-उप्पु, घर-मने, पाणी-नीरु असं चालतं, मला जेवढं कन्नड येतं त्यापेक्षा जास्त त्याला आलंय.

बाकी उणिवा पटकन सांगते. नकाशा अगदी शेवटी आणि ठिपके इतके बारीक की पोराला सापडत नाहीत. दक्षिण भारत थोडक्यात उरकलाय, केरळच्या कुट्टनाडमधलं समुद्रसपाटीच्या खालचं भात आहे (खानापूरला रोप लावणी बघितलेली असल्यामुळं हे त्याला लगेच कळलं), पण कर्नाटकाचं एकच पान आणि तेही शहराचं. कागद इतका चकचकीत की ट्यूबलाईटखाली चेहरे दिसत नाहीत, पुस्तक तिरकं धरावं लागतं. चौथ्या महिन्यात पाठीची शिलाई सुटली, मी फेविकॉल लावून सुती कापडाची पट्टी चिकटवली, ती अजून टिकलीय. पार्सल आलं तेव्हाच एक कोपरा भिजलेला होता, बदलून मागितलं तर दोन आठवडे नुसते मेसेज, शेवटी ठेवून घेतलं. आपल्याकडं पावसाळ्यात मागवायचं असेल तर दुकानातूनच घ्या.

वय म्हणाल तर पाचच्या पुढं. भाचा तीनचा आहे, त्यानं लडाखच्या लोणी-चहाचं पान फाडलं. आणि पुस्तक पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं असेल तर घेऊ नका, मजकूर फार थोडा आहे, शेजारी बसून बोलायला लागतं.

दिवाळीपासून आम्ही दोनशे पानी वहीत आमची पानं चिकटवतोय. वडगावच्या मागावरची साडी झाली, खानापूरचा कुंभार झाला, कढईत कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) परततानाचा फोटो झाला. सासूबाईंच्या हातातल्या भाकरीचाही आहे, खाली यानं मराठीत आणि त्या मुलीनं कन्नडमध्ये नाव लिहिलंय. कृष्णेचं पान अजून कोरं आहे, आईला उन्हाळ्यातला फोटो पाहिजे, पाणी कमी झालं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसायला लागल्या की काढायचा म्हणते.