तीच शाळा, दुसरं बोर्ड की मुक्त विद्यालय: डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी काय निवडाल?

माझा मुलगा दुसरीत असेपर्यंत घरात कुणाला शंकाही आली नव्हती. धडा घडाघडा म्हणायचा, बोट ओळीवरून फिरवायचा, पान उलटायची वेळसुद्धा चुकायची नाही. एकदा दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली. हा मात्र मधल्या पानावरचा मजकूर म्हणतच राहिला. तेव्हा कळलं, पोरगं वाचत नाही, ऐकून पाठ म्हणतंय.

तिसरीत शुद्धलेखनाच्या वहीत ‘सूर्य’चं ‘सूयर’ झालं. शेरा आला, ‘हुशार आहे, पण निष्काळजी.’ मी रोज दहा-दहा वेळा लिहून घ्यायची आणि सासूबाई म्हणायच्या, “काहून त्याच्या मागं लागून राहिली तू?” त्यांचंच बरोबर होतं. दहा वेळा लिहून डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी ही अडचण, जात नसतो.

यंदा त्याची दहावी झाली. आता ओळखीतल्या आया फोन करतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच, “ताई, एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला) टाकून देऊ का?” या ‘टाकून देऊ’चीच मला आधी चीड येते. पण प्रश्न खरा आहे, म्हणून तिन्ही वाटा शेजारी-शेजारी मांडते.

आधी कागद

कुठलीही वाट धरा, सवलती हव्या असतील तर प्रमाणपत्र लागतंच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. वाचनाची (म्हणजेच डिस्लेक्सिया), लेखनाची, गणिताची, तिन्ही त्यात येतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, मात्र त्या यादीत नाही. नुसतं तेवढंच निदान असेल तर या कायद्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. केंद्रीय नियमांप्रमाणे पहिली तपासणी आठव्या वर्षी, म्हणजे साधारण तिसरीत, आणि मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा.

इथेच आमचे पैसे वाया गेले. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत खासगी मानसशास्त्रज्ञ पुष्कळ. आठवड्यात वेळ मिळते, अहवाल १०-१२ पानांचा, मूल नेमकं कुठे अडतं ते त्यात नीट कळतं. आम्ही तो घेऊन निवांत बसलो. पण तो अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. बोर्डाला लागतं ते सरकारी. त्यासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करायचा, तिथे दिसणाऱ्या अधिकृत रुग्णालयांतून एक निवडायचं, मग बालरोगतज्ज्ञ, कान-डोळे, बुद्ध्यांक, वाचन-लेखनाची चाचणी अशा फेऱ्या. एका खेपेत काम होत नाही. दोन्हीचा खर्च झेपत असेल तर दोन्ही करा. हात आखडता असेल तर खासगीचा सोडा, सरळ सरकारी रांगेत लागा. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं समेकित क्षेत्रीय केंद्रही आहे. तिथे चौकशी जरूर करा.

पहिली वाट: आहे तीच शाळा

आमची सीबीएसई, इंग्रजी माध्यम. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे मित्र सुटत नाहीत. सवलतीही चांगल्या: तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा), आणि दहावीला दोनऐवजी एकाच भाषेवर भागतं. गणितात ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय सगळ्याच मुलांना असतात.

पण या सवलती दहावीच्या. तिसरीतल्या मुलाचा रोजचा दिवस कसा जातो ते पाहा. इंग्रजी हे माध्यम, वर हिंदी, आणि २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची. हिंदीच्या तासाला ‘पानी’, मराठीच्या तासाला ‘पाणी’. लिपी एक, लेखन दोन तऱ्हेचं. इंग्रजीत ‘नाइट’ लिहिताना मध्ये मुके जी-एच घालायचे. ज्याला आवाज आणि अक्षर यांची गाठ बांधणंच जड जातं, त्याला एकाच वेळी तीन प्रकारच्या गाठी.

शाळा मनाने तयार असेल तर याही परिस्थितीत निभतं. आमची नव्हती. मीटिंगमध्ये “तुम्ही याच्यासाठी दुसरीकडे बघता का?” असं गोड आवाजात सांगितलं गेलं. शाळेची परीक्षा घ्यायची तर एकच प्रश्न विचारा: यंदाच्या युनिट टेस्टला जादा वेळ द्याल का? “बोर्डाच्या वर्षी बघू” असं उत्तर आलं की समजून जा.

दुसरी वाट: राज्य मंडळ, मराठी किंवा सेमी-इंग्रजी

पाचवीत आम्ही हे केलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, ‘सीबीएसईतून काढून मराठीत?’

मराठी वाचायला सोपी, हे अर्धंच खरं. अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे इंग्रजीसारखे अंदाज बांधावे लागत नाहीत. पण ‘कि’मध्ये वेलांटी आधी लिहायची आणि तिचा उच्चार मात्र ‘क’च्या नंतर. ‘सूर्य’मधला र बोलताना य-च्या आधी, लिहिताना य-च्या डोक्यावर. माझ्या लेकाने ‘सूयर’ लिहिलं ते डोळ्यांना दिसलं त्या क्रमाने लिहिलं होतं, निष्काळजीपणाने नव्हे. भ-म, ध-घ यांचे घोळ वेगळेच. तरी घरात बोलतो ती भाषा असल्याने शब्द अर्धा वाचला की पुढचा ओळखता येतो. इंग्रजीत शब्दच ओळखीचा नसेल तर काय ओळखणार?

शिवाय या मुलांना दहावीला सवलती देण्यात महाराष्ट्र जुना आहे, १९९६पासून. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, एका भाषेतून सूट आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित.

या शेवटच्या सवलतीपाशी थांबा. आठवीत पोरगं गणितात रडत असतं आणि कुणीतरी म्हणतं, सातवीचं घेऊन टाका. सुटका वाटते. पण पुढे विज्ञान शाखा किंवा गणित हवं असेल तर ती वाट तिथेच अडते. गणिताचीच अक्षमता असलेल्या मुलासाठी ही सवलत देवासारखी आहे. माझ्या मुलाची अडचण गणिताची नव्हती, गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचण्याची होती. लेखनिकाने उदाहरण वाचून दाखवलं की उत्तर तोच सांगायचा. आम्ही तिसऱ्या भाषेची सूट घेतली, गणित पूर्ण ठेवलं.

माध्यम बदलायचंच असेल तर चौथी-पाचवीपर्यंत. सातवीनंतर मी कुणाला सुचवत नाही. तोवर विज्ञानाचे सगळे शब्द इंग्रजीत पक्के झालेले असतात.

तिसरी वाट: एनआयओएस

माझ्या नणंदेची मुलगी या वाटेने गेली. चित्रकला उत्तम, गणित म्हटलं की पोटात दुखायचं. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा, आणि गणित घ्यायलाच हवं असं नाही. चित्रकला, गृहविज्ञान असे विषय चालतात, मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तिने पहिल्यांदा तीन दिले, दोन पुढच्या खेपेला. मंडळ केंद्र सरकारचं आहे, प्रमाणपत्र कमी दर्जाचं नसतं. हे मी नणंदेच्या सासरी चारदा समजावलं.

अडचण परीक्षेत नाही, मंगळवारी सकाळी दहा वाजता आहे. तेव्हा सगळ्या मैत्रिणी शाळेत आणि ही घरी, फोन हातात. घरात कुणी दिवसभर असेल, दिनक्रम बसवून देईल तरच ही वाट धरा. दोघंही नोकरीला जाणारे आईबाप असतील तर मी आधी दहादा विचार करायला लावते. ‘गॅरंटी पास’ अशा पाट्या लावलेले क्लास दिसतात, ते पैसे घेतात आणि गाइडातली उत्तरं पाठ करवतात. ज्याला वाचताच येत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

आठवीच्या आत असलेल्या मुलाला एनआयओएसच्या नावाने शाळेतून काढणं मात्र मला पटत नाही. त्या वयात मूल शाळेत असावं, मग ती शाळा बदलावी लागली तरी चालेल.

शिकवणी आणि रेमेडियल

तिन्ही वाटांवर हे लागतं आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. शिकवणीवाली उद्याचा गृहपाठ करून घेते. रेमेडियलवाली, म्हणजे वाचन-लेखनाचा पाया नव्याने शिकवणारी, सहावीतल्या मुलाला घेऊन दुसरीत जाते. वाळूच्या ताटात अक्षर गिरवणं, तोंडाने आवाज काढत लिहिणं, शब्दाचे तुकडे करणं, जोडाक्षर फोडून पुन्हा जोडणं. आठवड्यातून दोन-तीनदा, पाऊण तास, एकट्याला. पहिले सहा महिने मार्कांत काहीच दिसत नाही आणि तिथेच निम्मे पालक सोडतात. आम्हीही एकदा सोडलं होतं, त्यात पाचवीचं अख्खं सत्र गेलं.

विचारायचं ते हे: भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि मराठीतून घेणार की फक्त इंग्रजीतून? मला भेटलेल्या बहुतेक जणी इंग्रजी ध्वनींच्या पद्धतीत तयार होत्या. बाराखडी आणि रफार शिकवणारी बाई शोधायला मला वर्ष लागलं, मानेवाड्याहून धरमपेठेत न्यावं लागायचं. पैसे मोजकेच असतील तर महागड्या शाळेची फी कमी करून ते इकडे लावा. आमचा हिशेब शेवटी असाच बसला.

वेळेचं गणितही सांगून ठेवते. १४ व्या वर्षीची तपासणी नेमकी नववीच्या आसपास येते आणि दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून मे रिकामा मिळतो. ऊन ४५ अंशांवर असलं तरी रुग्णालयाच्या फेऱ्या तेव्हाच उरकून घ्या. लेखनिकाची सवयही नववीतच लावा. उत्तर तोंडी, सलग, विरामचिन्हांसकट सांगणं हे वेगळंच काम आहे. आमच्या पहिल्या सरावात दोघंही गप्प बसून एकमेकांकडे बघत राहिले होते.