तिहेरी काचेच्या खिडक्या : एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

आमच्या घरी हिवाळा लागल्याची खूण म्हणजे सासूबाईंची खुर्ची. थंडी सुरू झाली की ती खिडकीपासून उठून आतल्या भिंतीकडे जायची आणि थंडी ओसरेपर्यंत तिथेच राहायची. यंदा ती हललीच नाही. ऐन थंडीतही त्या खिडकीला खांदा लावून वाचत बसल्या होत्या. खिडक्या बसवून आता नऊ महिने होऊन गेलेत. कोणी विचारलं की मी बिलाच्या आधी हेच सांगते.

आधी लाकडी चौकटीत एकेरी काच होती. आम्हाला वाटायचं फटीतून वारा येतो, म्हणून दर वर्षी फटींत कापडाच्या चिंध्या कोंबायचो. फटी होत्याच, पण खरा चोर काच होती. बाहेर ० अंश आणि खोलीत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ५ अंशांवर असतो. त्याला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि खाली पायांवर उतरते. तोच आमचा ‘वारा’. शिवाय अंगातली ऊबही त्या गार काचेकडे जात राहते, त्यामुळे हीटर चालू असूनही एक बाजू गारच. आता तेवढ्याच थंडीत आतली काच १८ अंशांच्या आसपास असते. हात लावला तर भिंतीइतकीच लागते.

आता कटू भाग. तिसरी काच खरंच हवी होती का? काचेतून किती उष्णता निसटते ते यू-व्हॅल्यू सांगते : आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट. आकडा जितका लहान तितकं चांगलं. एकेरी काच ५.८ च्या आसपास, साधी दुहेरी २.८, लो-ई थर (ऊब परत आत वळवणारा, धातूचा अगदी पातळ थर) असलेली आणि मध्ये आर्गॉन (हवेपेक्षा कमी उष्णता वाहणारा वायू) भरलेली चांगली दुहेरी १.१, आणि तशीच तिहेरी ०.६. दहा चौरस मीटर काच आणि २० अंशांचा फरक धरून गणित मांडलं तर एकेरीतून ११६० वॅट जातात, चांगल्या दुहेरीतून २२०, तिहेरीतून १२०. म्हणजे मोठी उडी दुसऱ्या काचेने आणि त्या थराने मारली. तिसरीच्या वाट्याला आले १०० वॅट, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. आमचं बिल डोळ्यांत भरण्याइतकं उतरलं, पण ते एकेरीवरून इथे आलो म्हणून. तुमच्याकडे आधीच चांगली दुहेरी काच असेल तर केवळ बिलासाठी ती उपटू नका. हिवाळा लांब आणि कडक असेल, खिडक्या मोठ्या असतील, किंवा आमच्यासारखं कोणी दिवसभर खिडकीशी बसत असेल, तर गोष्ट वेगळी.

कोटेशन वाचताना मी एकदा फसता फसता वाचले. ठळक अक्षरांत ०.६ लिहिलं होतं, पण तो आकडा फक्त काचेच्या मध्यभागाचा. चौकट आणि काचांच्या कडेची पट्टी धरून अख्ख्या खिडकीचा मागितला तेव्हा ०.९ निघाला. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना दोघांकडून अख्ख्या खिडकीचाच आकडा घ्या. काचांमध्ये अंतर राखणारी ही पट्टी अॅल्युमिनियमची असेल तर कडेने थंडी आत शिरते आणि नेमकं तिथेच दव धरतं, म्हणून आम्ही कमी उष्णता वाहणारी पट्टी घेतली. आणि एका खिडकीत चार लहान झडपा करण्यापेक्षा एक मोठी झडप चांगली, कारण बहुतेक वेळा कच्चा दुवा चौकटच असते. सरकत्या खिडक्यांच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. झडप दाबून बंद होणारी खिडकी रबरावर जशी घट्ट बसते, तशी सरकती क्वचितच बसते.

माल आला त्या संध्याकाळी मी दिवे मालवून प्रत्येक काचेसमोर लायटर पेटवून धरला. नवऱ्याला वाटलं, खर्चाच्या धक्क्याने मला काहीतरी झालंय. तीन काचांच्या सहा बाजू, म्हणून ज्योतीची सहा प्रतिबिंबं दिसतात. लो-ई थर असलेल्या बाजूचं प्रतिबिंब इतरांपेक्षा वेगळ्या, किंचित तांबूस छटेचं असतं. आमच्या ऑर्डरमध्ये दोन थर होते, म्हणजे दोन ज्योती वेगळ्या दिसायला हव्यात. जिन्याजवळच्या खिडकीत एकच दिसली. फोटो पाठवले, थोडी टोलवाटोलवी झाली, पण सहा आठवड्यांनी काच बदलून मिळाली. नुसत्या डोळ्यांनी ही चूक कधीच कळली नसती.

काचेइतकंच महत्त्व बसवण्याला आहे, आणि इथे आम्ही थोडं गाफील राहिलो. कारागिरांनी चौकट आणि भिंतीमधल्या फटीत फोम मारला, वर पट्टी ठोकली आणि गेले. पहिल्या जोरदार वाऱ्याच्या रात्री मागच्या खोलीत उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवली तर खालच्या कोपऱ्यात धूर आडवा झाला. फोम ऊब धरतो, हवा अडवायला त्यावर आतून टेप किंवा सीलंट लागतं. पट्टी काढून ते करून घ्यायला एक अख्खा दिवस गेला. हे काम करारात आधीच लिहून घ्या.

थंडीतल्या एका निरभ्र पहाटे सगळ्या खिडक्या बाहेरून धुरकट झालेल्या बघून माझ्या पोटात गोळाच आला. काचा फुकट गेल्या असंच वाटलं. पण बाहेरून बोट फिरवलं तर पुसलं गेलं. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, रात्री मोकळ्या आकाशाखाली ती काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव पडतं. म्हणजे खिडकी काम करतेय. ऊन आलं की जातं. धुकं दोन काचांच्या मध्ये दिसलं आणि कशानेच पुसलं गेलं नाही, तर मात्र सील गेलं असं समजा आणि वॉरंटीचे कागद काढा.

उलटा त्रास आतून झाला. पूर्वी फटींतून आपसूक हवा बदलायची, ती थांबली. महिन्याभरात न्हाणीघराच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. आता सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडते आणि अंघोळीनंतर पंखा चालू ठेवते. ठिपके परत आलेले नाहीत.

आवाजाबाबत माझी निराशा झाली. तीन काचा म्हणजे तिप्पट शांतता असं मी धरून चालले होते. तिन्ही काचा ४ मिलिमीटरच्या असतील तर दुहेरीच्या तुलनेत फारसा फरक जाणवत नाही, कारण सारख्या जाडीच्या काचा सारख्याच सुरावर थरथरतात. झोपायच्या खोलीत बाहेरची काच जाड आणि आतली लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली) घेतली होती, तिथे रस्ता खरंच गप्प झाला. आता तिथे फ्रिजची घरघर ऐकू येते, तो भाग वेगळा.

उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीने घाम काढला. तीन काचा असल्या तरी ऊन आत येतंच, आणि एकदा आलेली ऊब मग सहज बाहेर पडत नाही. आतला पडदा ओढून थोडाच उपयोग झाला, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. बाहेरून जाळीचा पडदा लावल्यावर खोली बसण्यालायक झाली. उष्ण भागात राहणाऱ्यांनी यू-व्हॅल्यूच्या आधी काच किती ऊन आत घेते तो आकडा विचारावा, कमी ऊन घेणाऱ्या काचाही मिळतात.

किरकोळ तक्रारी : मोबाइलची रेंज आतल्या खोलीत एका दांडीने घटली, काचेवरच्या धातूच्या थराची ती करणी असते. उजेड जरासा कमी झाला, कुंड्यांना मात्र काही फरक पडला नाही. आणि वजन! ४ मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. पाचव्या महिन्यात हॉलची मोठी झडप खाली बसून चौकटीला घासायला लागली. बिजागरीचा स्क्रू अॅलन कीने जरा फिरवल्यावर ठीक झाली, पण ते कारागिराकडून आधीच शिकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघरातली छोटी खिडकी पैसे संपले म्हणून जुनीच राहिली. तिथे चांगली दुहेरी काच बसवायचं ठरलंय, तिसरीचा हट्ट नाही. थंडीत रोज सकाळी तिच्यावरून पाणी ओघळायचं. खिडक्या पुसायचं फडकं आता फक्त तिच्याच कडीला लटकलेलं असतं.