इंडियानापोलिसचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक : आठ महिन्यांत वाचलेली सात पुस्तकं

१९५२ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या मोटारशर्यतीत सगळ्यात पुढच्या जागेवर एक डिझेल गाडी उभी होती. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीची. फ्रेड अगाबाशियनने ती पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांनी पळवली होती. शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांतच ती बाहेर पडली. इंजिनात दाबाने हवा भरणारा जो टर्बो, त्याला हवा देणारं तोंड पुढे, जमिनीलगत ठेवलेलं होतं. ट्रॅकवरचा रबराचा चुरा आणि धूळ आत ओढली गेली नि टर्बो चोंदला.

मी बावीस वर्षं पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिनं चालवून तपासतात तिथे, काम करतोय. टर्बोच्या तोंडाशी राहून गेलेला कापडाचा बोळा इंजिनाने आत ओढलेला मी एकदा डोळ्यांनी पाहिलाय. आधी शिट्टी घोगरी होते. मग बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, काटा हळूच खाली यायला लागतो आणि एक्झॉस्टला काळा धूर दिसतो. इंजिन बंद करेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात, आणि नंतर कॉम्प्रेसर व्हीलची पाती बघवत नाहीत. त्यामुळे त्या ७१ फेऱ्यांची गोष्ट वाचली तेव्हा अगाबाशियनपेक्षा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवून दुरुस्त करतात तिथे, उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. टर्बो लावलेली गाडी त्या शर्यतीत पहिल्यांदाच आली होती. चूक कुठे होते ते त्यांना आधी कोण सांगणार होतं?

कोथरूडला कमिन्स हे नाव रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. कंपनीचं मूळ गाव इंडियाना राज्यातलं कोलंबस, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीने तासाभरावर. १९११ साली पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरूनने जिंकली, तेव्हा त्याच्या पिटमध्ये काम करणाऱ्यांत क्लेसी कमिन्स होता, पुढे कंपनी काढणारा. हे मला नोकरीची वीस वर्षं उलटल्यावर कळलं. तिथून या पुस्तकांचा नाद लागला. माझा भाचा तिकडेच नोकरीला आहे, त्याने दोन पुस्तकं आणून दिली. बाकीची जुनी प्रत बघून मागवली, एक फोनवर वाचलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. या शर्यतीत पळते ती ओपन-व्हील, म्हणजे चाकं उघडी असलेली, एका माणसाची शर्यतीची गाडी. अमेरिकेत या गाड्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर वाढल्या आणि इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा ओव्हल, म्हणजे लांबट गोल ट्रॅक, हे त्यांचं पंढरपूर. सुरुवातीच्या काळात बरीच वर्षं ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिकही बसायचा. तेलाचा दाब बघायचा, मागून कोण येतंय ते सांगायचा, आणि गाडी उलटली तर ड्रायव्हरबरोबर तोही जायचा. आज जुनी विजेत्यांची यादी काढली तर ड्रायव्हरचं नाव ठळक आणि त्या शेजारच्या माणसाचं नाव शोधावं लागतं.

आठ महिन्यांनंतर माझं ठाम मत असं झालंय की या विषयावरची जी पुस्तकं गॅरेजमधून लिहिली गेलीत तीच टिकतात. नुसत्या ड्रायव्हरच्या कौतुकाची पुस्तकं पहिल्या वाचनाला जोरात जातात आणि दुसऱ्यांदा उघडावीशी वाटत नाहीत.

माझ्या हातात सगळ्यात जास्त राहिलेलं पुस्तक म्हणजे 'इंडी ५०० मेकॅनिक'. इंडी म्हणजे इंडियानापोलिसचीच शर्यत. १९७५ चं. क्लिंट ब्रॉनर या फिनिक्सच्या चीफ मेकॅनिकने जो स्कॅल्झोबरोबर लिहिलेलं. ब्रॉनरच्या हाताखालच्या गाड्या कोणी चालवल्या ते बघा. जिमी ब्रायन तीनदा राष्ट्रीय विजेता झाला. १९५८ मध्ये पहिल्यांदा इंडीला आलेला ए. जे. फॉइट त्याच्याच गाडीत होता. नंतर एडी सॅक्स, नंतर मारिओ आंद्रेत्ती. ड्रायव्हर आले, गेले, काही मेले. ब्रॉनर पुढच्या वर्षीची गाडी बांधत राहिला.

यातलं सॅक्सचं प्रकरण मी तीनदा वाचलंय. १९६१ ची शर्यत. फॉइटच्या गाडीत पिटमधल्या इंधन भरायच्या यंत्राच्या बिघाडाने इंधन नीट भरलं गेलं नाही, त्याला शेवटी पुन्हा थांबावं लागलं आणि सॅक्स आरामात पुढे गेला. पण त्याच्या मागच्या उजव्या टायरचं रबर झिजून आतले धागे दिसायला लागले होते. फेऱ्या उरल्या तीन. सॅक्स पिटमध्ये आला, टायर बदलला, बाहेर पडला आणि ८ सेकंदांनी हरला. लोक त्यावर आजही वाद घालतात. मी रोज अशी माणसं बघतो जी 'अजून एक तास चालेल' म्हणून इंजिन थांबवत नाहीत. ५०० मैलांतले साडेसात मैल उरलेले असताना, आयुष्यभर हवी असलेली शर्यत हातात असताना थांबणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

आणि मग 'ब्लॅक नून' वाचावं लागतं. आर्ट गार्नरचं २०१४ चं पुस्तक, १९६४ च्या शर्यतीवरचं. दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड या सत्तावीस वर्षांच्या नव्या ड्रायव्हरची गाडी फिरून आतल्या भिंतीवर आदळली, पेटली आणि परत ट्रॅकवर आली. मागून येणारा सॅक्स तिच्यावर गेला. दोघेही गेले. टायरसाठी थांबलेल्या माणसाला तीन वर्षांनी दुसऱ्याच्या गाडीचा जाळ लागला. हे पुस्तक मी दोन रात्रींत संपवलं आणि नंतर आठवडाभर दुसरं काही उघडलं नाही. यात मॅकडोनाल्डवर खापर फोडलेलं नाही हे मला फार आवडलं. ती गाडी चालवायला अवघड आहे हे आधीच दिसत होतं, त्याच संघातला मास्टन ग्रेगरी सोडूनही गेला होता. नवा पोरगा संघातच राहिला. का राहिला ते लेखक त्याच्या घरापासून सांगत येतो.

त्या दिवशी शर्यत फॉइटने जिंकली, इंजिन पुढे असलेल्या जुन्या घडणीच्या गाडीत. तशी गाडी त्यानंतर तिथे कधीच जिंकली नाही. पुढच्या वर्षीपासून संघ पेट्रोल सोडून मेथॅनॉलकडे वळले. मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, त्याचा त्रास निराळा. १९८१ मध्ये पिटमध्ये रिक मिअर्सच्या अंगावर ते सांडून पेटलं, तेव्हा माणसं हातपाय झाडताना दिसत होती आणि आग दिसत नव्हती. शेवटी त्याच्या वडिलांनी आग विझवायचा सिलिंडर उचलला.

ब्रॉनरच्या पुस्तकाने मला कामातही एक गोष्ट दिली. त्याच १९६१ च्या मे महिन्यात टोनी बेटनहाउझन मित्राची गाडी तपासून द्यायला म्हणून ट्रॅकवर गेला आणि पुढच्या सस्पेन्शनचा एक बोल्ट निघाल्यामुळे मेला. मोठा, अनुभवी ड्रायव्हर, आणि कारण बोल्ट. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये बिल वुकोविच ९ फेऱ्या उरल्या असताना पुढे होता आणि स्टिअरिंगच्या जोडणीतली एक पिन गेली. पुढची दोन वर्षं तो जिंकला, १९५५ मध्ये पुढे असतानाच अपघातात मेला. हे वाचल्यावर आमच्या टेस्ट सेलमध्ये बोल्ट टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळून झाला की पिवळ्या रंगाची रेघ मारतात ना, ती रेघ मी बोट लावून बघायला लागलो. रंग सुकलेला असेल तर ठीक. ओला असेल तर आवळणाऱ्याला बोलावतो आणि माझ्यासमोर पुन्हा पाना लावायला सांगतो. पोरं पहिल्यांदा वैतागली. मग मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत बेटनहाउझनची गोष्ट सांगितली. आता माझ्या आधी तेच बोट लावतात.

इंजिनवाल्यांसाठी 'बीस्ट' घ्या. जेड गर्सचं. १९९४ मध्ये पेन्स्के संघाने इल्मॉर या इंजिन कंपनीकडून एक गुप्त इंजिन बनवून घेतलं. नियम असा होता की पुशरॉडवाल्या, म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या इंजिनाला जास्त आकार आणि जास्त बूस्ट मिळेल. बूस्ट ४५ ऐवजी ५५ इंच पारा, आकार २.६५ ऐवजी ३.४३ लिटर. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात साधी, गाडीच्या कारखान्यातली इंजिनं होती. इल्मॉरने नव्याने, फक्त त्या एका शर्यतीसाठी इंजिन बांधलं. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ते मोडतं, उघडतात, पुन्हा चढवतात. नाझरेथच्या ट्रॅकवरचा बर्फ बाजूला काढून चाचणी घेतात. आमचा दिवस असाच जातो, त्यामुळे मला पानापानाला घाम फुटत होता. अल अन्सर ज्युनियर जिंकला. पुढच्या वर्षी ते इंजिन नाही, आणि तोच संघ शर्यतीला पात्रसुद्धा ठरला नाही.

'द अनफेअर अॅडव्हान्टेज' हे मार्क डोनोह्यूचं. तो शिकलेला इंजिनिअर, १९७२ चा इंडी विजेता. पुस्तक गाडीगणिक मांडलंय: ही गाडी, तिचा हा दोष, आम्ही हे केलं, चुकलं, मग हे केलं. भाषा टेस्ट रिपोर्टसारखी कोरडी. घरच्या आयुष्याबद्दल फार काही मिळत नाही आणि सस्पेन्शनची माहिती नसेल तर अर्ध्यात कंटाळा येईल. पण स्वतःच्या चुका इतक्या सरळ लिहिणारा ड्रायव्हर मला दुसरा भेटला नाही. १९७५ साली पुस्तक आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या अपघातानंतर तो वारला. हे माहीत असून वाचणं जड जातं.

'रॅपिड रिस्पॉन्स' डॉक्टर स्टीव्ह ऑल्वींचं आहे. अपघातानंतरची मिनिटं कशी जातात ते कळतं. एकदा वाचण्याजोगं. जॅनेट गथ्रीचं आत्मचरित्र मात्र शांतपणे वाचा. ती भौतिकशास्त्र शिकलेली, विमानउद्योगात काम केलेली, स्वतः इंजिन उघडणारी. बायकांना इंडीच्या पिटमध्ये पाय ठेवायची परवानगीच १९७१ पर्यंत नव्हती. ती १९७७ मध्ये पात्र ठरली, आणि १९७८ मध्ये स्वतः उभ्या केलेल्या संघाच्या गाडीत, मनगट मोडलेलं असताना नववी आली. गाडीबद्दल ती मेकॅनिकसारखं लिहिते, म्हणून माझ्या यादीत ती वर आहे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. टॉड गूल्डचं 'फॉर गोल्ड अँड ग्लोरी'. चार्ली विगिन्स हा इव्हान्सविलचा कृष्णवर्णीय मुलगा. गॅरेजसमोर बूट पॉलिश करायचा, तिथेच शिकाऊ म्हणून लागला आणि पुढे इंडियानापोलिसमधल्या सर्वोत्तम मेकॅनिकांत गणला गेला. त्याने स्वतः गाडी बांधली. पण ५०० मैलांच्या शर्यतीत काळ्या माणसाला जागा नव्हती. म्हणून १९२४ पासून कृष्णवर्णीय ड्रायव्हरांची स्वतंत्र १०० मैलांची शर्यत भरायची, जत्रेच्या मैदानातल्या एक मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. विगिन्सने ती चारदा जिंकली. १९३४ मध्ये ड्रायव्हर बिल कमिंग्जला आपल्या गाडीवर विगिन्सचा हात हवा होता, पण गॅरेजमध्ये त्याला मेकॅनिक म्हणून येता येत नव्हतं. तेव्हा तो झाडूवाला म्हणून आत गेला आणि गाडी जुळवून दिली. कमिंग्ज ती शर्यत जिंकला.

हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या माणसाच्या कानाला इंजिनाचा बारीकसा फरक कळतो त्याने हातात झाडू धरून आत जायचं, काम करायचं, आणि गाडी जिंकली की गर्दीतही उभं राहायचं नाही. ५०० मैलांच्या शर्यतीत पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर विली टी. रिब्स उतरला तो १९९१ मध्ये.

आता गैरसोयी. जुन्या प्रतींचं बाइंडिंग आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. माझं एक पुस्तक जुलैमध्ये कण्यातून सुटलं, शेवटी बुधवार पेठेतून शिवून आणलं. एका विक्रेत्याने पाठवलेल्या प्रतीत मधला एक फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठाच, नव्हता, पैसे परत मिळायला दोन महिने गेले. जुनं पुस्तक मागवताना पानांचे आणि कण्याचे फोटो आधी मागा. फोनवर वाचायला ही पुस्तकं बरी नाहीत, कारण अर्धी मजा फोटोंत आहे आणि फोनवर पुढचा अॅक्सल कुठला नि टॉर्शन बार कुठला ते कळत नाही. नावांचा भडिमारही फार. मी पहिल्या पानावर पेन्सिलने कोण कोणाच्या गाडीवर होता त्याचा तक्ता काढला, तेव्हा कुठे गुंता सुटला. आणि ऑफेनहाउझर इंजिनाबद्दल यातल्या एकाही पुस्तकात माझं पोट भरलं नाही. इंडीत २७ शर्यती जिंकलेलं चार सिलिंडरचं इंजिन, हेड आणि ब्लॉक एकाच ओतीव कामात, म्हणजे दोहोंच्या सांध्यातली गॅस्केट उडायचा प्रश्नच नाही. पण व्हॉल्व्हचं काम करायचं तर ब्लॉक उतरवून सिलिंडरमधून, खालून हात घालायचा. ते काम रात्रभर करणाऱ्या माणसाचं म्हणणं मला ऐकायचंय. दिवाळीत भाचा येतोय, त्याला शोधायला सांगितलंय.

पहिलं कुठलं घ्यावं, तर गोष्ट आवडत असेल तर 'ब्लॅक नून', हात काळे होत असतील तर ब्रॉनर. विगिन्सचं पुस्तक दोघांनीही घ्यावं.

माझी विगिन्सची प्रत सध्या तिसऱ्या पाळीच्या एका पोराकडे आहे. त्याचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे रात्री दीड-दोनला मेसेज येतात, या शब्दाचा अर्थ काय, त्या भागाला आपल्याकडे काय म्हणतात. परवा तो १९३६ च्या अपघातापाशी पोचला, जिथे विगिन्सचा पाय गेला. सकाळी पाळी बदलताना गेटवर थांबला होता. म्हणाला, "सर, मग पुढं त्यानं काय केलं? गॅरेज बंद केलं का?" मी म्हटलं, नाही रे, गॅरेज चालूच होतं, पुढं चाळीस वर्षं. वाच तू.