सुपरनोव्हांच्या कसोटीला विश्वाचं कोणतं मॉडेल लावाल?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पॅन्थिऑन प्लस या सुपरनोव्हांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांच्या संग्रहातला डेटा घ्यायचं ठरलं, १५५० सुपरनोव्हांचे १७०१ प्रकाशवक्र (तेज वेळेनुसार कसं बदलतं याचे आलेख) हाताशी आले, की पुढचा प्रश्न येतोच: लॅम्डा-सीडीएमच्या, म्हणजे कृष्ण ऊर्जा आणि कृष्ण द्रव्य धरणाऱ्या प्रचलित मॉडेलच्या, शेजारी दुसरं कोणतं मॉडेल उभं करायचं? माझ्या मते निवड दोघांतच आहे. सहा आठवडे असतील तर खगोलभौतिकशास्त्रज्ञ फुल्व्हियो मेलियांचं 'आरएच = सीटी' (एकसारख्या वेगाने प्रसरण पावणारं विश्व), सहा महिने असतील तर नारळीकर, हॉईल आणि बर्बिज यांचं क्वासी-स्टेडी स्टेट (महास्फोटाशिवायचं, जवळपास स्थिर अवस्थेतलं विश्व).

'थकलेल्या प्रकाशा'च्या वाटेला जाऊ नका. त्यात विश्व प्रसरणच पावत नाही, प्रकाश वाटेत ऊर्जा गमावून लाल होतो. मग दूरचा सुपरनोव्हा जवळच्याइतक्याच वेळात मावळायला हवा. प्रत्यक्षात रेडशिफ्ट (प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) १ असेल तर २० दिवसांची घडामोड आपल्याला ४० दिवस चाललेली दिसते.

मेलियांच्या विश्वाच्या प्रसरणाचा वेग ना वाढतो ना घटतो. गणित एका ओळीचं आहे. रेडशिफ्ट ०.५ ला प्रकाशीय अंतर, म्हणजे तेजावरून मोजलेलं अंतर (प्रकाशाचा वेग भागिले प्रसरणाचा आजचा दर, म्हणजे हबल स्थिरांक, या एककात), ०.६१ येतं. लॅम्डा-सीडीएममध्ये, द्रव्याचा वाटा ०.३ धरला तर, ०.६६. म्हणजे फरक जेमतेम ०.१८ प्रतीचा (प्रत हे तेज मोजायचं खगोलशास्त्रीय माप). त्यातही सुपरनोव्हाची मूळ तेजस्विता आपण मोकळी सोडतो, त्यामुळे रेडशिफ्टनुसार अंतराचा अख्खा वक्र वर-खाली सरकतो आणि फरकाचा काही भाग गिळून टाकतो. उरतो तो वक्राचा आकार. खरी परीक्षा तिथे. मेलियांचा आक्षेपही ऐकण्याजोगा आहे: प्रकाशवक्रांच्या दुरुस्त्या एखादं मॉडेल धरून करू नयेत, प्रत्येक मॉडेलसाठी नव्याने कराव्यात.

नारळीकरांची वाट मला जास्त ओढते. १९९८ मध्ये दोन चमूंना दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले. मंद म्हणजे लांब, म्हणून प्रसरण वेगावतंय, असा निष्कर्ष निघाला. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी विचारलं, मध्ये धूळ असेल तर? साधी धूळ प्रकाश लालसर करते आणि पकडली जाते. पण लोखंडाच्या सूक्ष्म, लांबट सुया सगळे रंग जवळपास सारखेच मंद करतात. शिवाय या सुया सुपरनोव्हांसाठी ऐनवेळी आणलेल्या नव्हत्या. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचं, म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरी प्रारणाचं, स्पष्टीकरण देण्यासाठी त्या सिद्धांतात आधीपासूनच होत्या. त्याच पार्श्वभूमीतल्या चढउतारांची शिखरं मात्र लॅम्डा-सीडीएम ज्या नेमकेपणाने जुळवतं, तसं या सिद्धांताला जमलेलं नाही. हे प्रबंधात स्वच्छ लिहा.

सुयांची घनता हा एक जादा मोकळा, म्हणजे डेटाशी जुळवून ठरवायचा, आकडा आहे. नुसता काय-वर्ग (मॉडेल आणि डेटा यांच्यातल्या तफावतीचं माप) घटला म्हणून हुरळू नका. बीआयसी (मॉडेलांची तुलना करायचा बेझियन निकष) काढा, तो जादा आकड्याची किंमत वसूल करतो. आणि कर्णावरच्या, म्हणजे प्रत्येक मोजमापाच्या स्वतःच्या, त्रुटी तेवढ्या घेऊन गणित उरकू नका. १७०१ गुणिले १७०१ ची पूर्ण सहप्रसरण सारणी (कोव्हेरियन्स मॅट्रिक्स, मोजमापांच्या त्रुटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते सांगणारी) वापरा, आणि ०.०१ च्या आतल्या रेडशिफ्टचे सुपरनोव्हा वगळा. तिथे दीर्घिकांची स्वतःची धावपळ प्रसरणात मिसळते.